ठेचा दुकानात नको, चिवडा बिनधास्त द्या

वाचकाचं पत्र: नमस्कार. मी मानेवाड्याला राहते. चार वर्षांपासून दिवाळीत चिवडा, चकली, शंकरपाळे आणि उन्हाळ्यात पापड, कुरड्या करून ओळखीच्यांना विकते. वर्षाला सगळं मिळून तीन-साडेतीन लाखांचा माल जातो. यंदा आमच्या भागातले एक किराणावाले म्हणाले, "चिवडा, लिंबाचं लोणचं आणि तुमचा तो तेलातला लसूण-मिरचीचा ठेचा बाटलीत भरून द्या, मी ठेवतो. पण फूड लायसन आणि लेबल पाहिजे." एक एजंट लायसनचे सहा हजार मागतो आहे. भासरे म्हणतात, घरात रांधतो त्याला कसलं लायसन? छिंदवाड्याची नणंदही महिन्याला वीस किलो चिवडा विकायला मागते आहे. सुरुवात कुठून करू? आणि ठेचा दोन महिने टिकेल असं काही करता येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात काळजीचा क्रम उलटा लागला आहे. तुम्ही लायसन आधी विचारलंत आणि ठेचा शेवटी. लायसनचं काम शंभर रुपयांचं आहे. ठेच्यात मात्र खाणाऱ्याच्या जिवाला धोका होऊ शकतो, म्हणून तोच आधी घेऊ.

लसूण जमिनीत वाढतो, त्यामुळे मातीतले जिवाणू त्याच्यासोबत येतात. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजं असू शकतात. ही बीजं साध्या उकळीने मरत नाहीत, फोडणीत लसूण लाल केला तरी मधल्या गराची खात्री नाही. त्यांना वाढायला तीन गोष्टी लागतात: ओलावा, हवेचा अभाव आणि कमी आंबटपणा. तेलाखाली बुडवलेल्या ठेच्यात या तिन्ही असतात. वर मे महिन्यातलं नागपूर आणि दुकानातलं शेल्फ. यातून तयार होणारं विष स्नायू लुळे पाडतं. त्याला वास नाही, चव नाही, बाटलीचं झाकण फुगेलच असंही नाही. आजीच्या ठेच्याने कधी काही झालं नाही, हे खरं आहे. पण आजीचा ठेचा दगडी खलात होऊन दोन दिवसांत संपायचा. तो दोन महिने तेलाखाली बंद नव्हता.

आंबटपणा पीएचवर मोजतात आणि इथली सीमारेषा ४.६ आहे. त्याखाली हा जिवाणू वाढत नाही. लसूण आणि हिरवी मिरची दोन्ही त्या रेषेच्या वर असतात. नुसतं मीठ वाढवून हे सुटत नाही, कारण जिवाणू थांबवायला दहा टक्क्यांच्या आसपास मीठ लागतं आणि तसा ठेचा कुणाच्या तोंडात जाणार नाही. सोडियम बेंझोएट टाका असं कुणी सुचवेल. ते आंबट पदार्थात काम करतं, ठेच्यासारख्या कमी आंबट पदार्थात त्याचा जोर उरत नाही.

मग तुमच्यासमोर तीन वाटा राहतात. पहिली, ठेचा फक्त ऑर्डरवर करायचा, केल्याबरोबर फ्रिजमध्ये पाच अंशांच्या खाली ठेवायचा, गिऱ्हाइकाला थंडच द्यायचा आणि "चार दिवसांत संपवा" असं लिहायचं. हे ओळखीच्या गिऱ्हाइकाला जमतं, किराणा दुकानाला जमत नाही, कारण रात्री फ्रिजचा खटका बंद करणारे दुकानदार सगळीकडे आहेत. दुसरी वाट, ठेचा सोडून मिरची-लसणाचं आंबट लोणचं करायचं, भरपूर लिंबूरस किंवा व्हिनेगर घालून. इथे अमुक किलोला अमुक लिंबं असा हिशेब आम्ही देणार नाही, कारण प्रत्येक लिंबाची आंबटी वेगळी असते. पीएच मीटर घ्यावा लागेल. तो ४ आणि ७ च्या द्रावणांवर जुळवून, लोणचं मुरल्यावर चोवीस तासांनी नमुना वाटून, प्रत्येक घाण्याचा आकडा घ्यावा लागेल. तो ४.२ च्या खाली आला तरच बाटली भरायची. रंग बदलणाऱ्या पट्ट्या इथे निरुपयोगी, मिरची आणि हळद त्यांचा रंग खाऊन टाकतात. तिसरी वाट आम्हाला सगळ्यांत पटते: दुकानात ओल्या ठेच्याऐवजी कोरड्या चटण्या द्या. जवसाची, तिळाची, शेंगदाण्याची. लसूण घालायचाच असेल तर त्याचे पातळ काप करून, ते कुडकुडीत होऊन बोटांनी मोडेपर्यंत मंद आचेवर भाजा. जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून जवसाची चटणी थोडी थोडी कुटा आणि महिनाभराहून जास्त मुदत लिहू नका.

लिंबाच्या लोणच्याचं मात्र घाबरू नका. लिंबू स्वतःच इतकं आंबट आहे की वरचा धोका तिथे नाही. तिथे शत्रू एकच, बुरशी. एक किलो लिंबाला २०० ग्रॅम मीठ आणि १०० ग्रॅम मसाला घेतला तर एकूण १३०० ग्रॅममध्ये मीठ पंधरा टक्क्यांवर जातं. मिठाच्या पाण्यातल्या लोणच्यासाठी सरकारी मानक किमान १२ टक्के मीठ मागतं, लिंबाच्या रसातल्या लोणच्यासाठी किमान १.२ टक्के आंबटी. तुम्ही दोन्हींच्या वर आहात. पुढे कैरीचं तेलातलं लोणचं केलंत तर लक्षात ठेवा, फोडी तेलाखाली राहायला हव्यात आणि निथळलेल्या फोडींचं वजन ६० टक्क्यांहून कमी नको. बुरशी बहुतेक वेळा बाटलीच्या गळ्याशी धरते. बाटली धुतल्यावर आत राहिलेला पाण्याचा एक थेंब किंवा भरताना काठाला लागलेला खार हे तिचं कारण. बाटल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, उन्हात उपड्या न ठेवता आडव्या वाळवा म्हणजे आतली वाफ निघून जाते, आणि भरून झाल्यावर काठ कोरड्या फडक्याने पुसूनच झाकण लावा.

आता चिवडा. हा तुमचा खरा दुकानी माल, कारण त्यात पाणी जवळजवळ नाही. तो बिघडतो दोनच तऱ्हांनी: मऊ पडतो किंवा खवट होतो. मऊ पडण्याचं बहुतेक वेळचं कारण म्हणजे कोमट असताना भरलेला पुडा. आतली वाफ रात्री गार होऊन पोह्यांवर बसते. दुसरं कारण कढीपत्ता आणि मिरची. मिरचीचे तुकडे नुसते तडतडले म्हणून भागत नाही, ते काचेसारखे तुटायला हवेत, नाहीतर तोच ओलावा हळूहळू पोह्यांत उतरतो. चिवडा परातीत पसरून पूर्ण निवू द्या आणि निवल्याबरोबर भरा. पावसाळ्यात तासभरही उघडा पडला तर वातट होतो.

खवटपणा आधी शेंगदाण्यात आणि सुक्या खोबऱ्यात येतो. साधी पारदर्शक पिशवी हवा आणि उजेड दोन्ही आत येऊ देते. आत चंदेरी थर असलेले पाऊच घ्या, इतवारीत ठोक भावात मिळतात. सीलची पट्टी बोटभर रुंद ठेवा. दहातला एक पुडा पाण्यात दाबून बुडबुडे येतात का पाहा. चिवड्याचा बारीक चुरा सीलच्या जागी अडकला की सील तिथेच फसते, म्हणून तोंड पुसून मगच मशीन दाबा. तेलाचंही तसंच. चकली तळून उरलेलं तेल चिवड्याच्या फोडणीला वापरू नका. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायला कायद्याने मनाई आहे. घरी ते मोजता येत नाही, पण फेस बसेनासा झाला, तेल घट्ट वाटू लागलं, नेहमीपेक्षा लवकर धूर येऊ लागला, की समजायचं. आणि तळण निथळायला वर्तमानपत्राचा कागद नको. छपाईची शाई पदार्थात उतरते, म्हणून त्याला बंदीच आहे.

मुदत किती लिहायची, हे तुम्हीच ठरवायचं असतं आणि म्हणूनच तिचा पुरावा तुमच्याकडे हवा. एका घाण्याचे सहा पुडे स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत गरम फळीवर ठेवा. दर दहा दिवसांनी एक फोडा, वास घ्या, चव घ्या, वहीत लिहा. पन्नासाव्या दिवशी शेंगदाणा कडसर लागला तर लेबलवर तीस दिवस लिहा, पंचेचाळीस नाही. ऑक्टोबरमध्ये घेतलेली ही परीक्षा एप्रिल-मेच्या मालाला लावू नका, तेव्हा पुन्हा घ्या.

आता भासऱ्यांचा प्रश्न. घरात रांधून घरच्यांना वाढलं तर लायसन नको. विकलं की अन्न सुरक्षा कायदा, २००६ लागू होतो, मग ओटा घरातला असो की हॉटेलातला. कायद्याचं कलम ३१ छोट्या उत्पादकाला लायसनमधून सूट देतं, पण नोंदणी त्यालाही करावी लागते. २०११ च्या नियमांनी ही छोटेपणाची रेषा वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीवर आखली होती. तुम्ही तिच्या पुष्कळ आत आहात. म्हणजे ज्याला सगळे "फूड लायसन" म्हणतात ते तुमच्यासाठी खरं तर नोंदणी प्रमाणपत्र. दुकानदार ते मागतो यात त्याचा आगाऊपणा नाही. परवानाधारकाने नोंदणी किंवा परवाना असलेल्यांकडूनच माल घ्यावा, ही अट त्याच्याही कागदावर असते.

नोंदणीची सरकारी फी वर्षाला शंभर रुपये. अर्ज केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) फॉस्कॉस या संकेतस्थळावर भरायचा, नमुना अ. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं साध्या कागदावरचं संमतिपत्र जोडा, म्हणजे त्यावरून अर्ज परत येणार नाही. गुगलवर शोधताना सरकारी दिसणारी खाजगी संकेतस्थळं वर येतात, त्यांची फी हजारांत असते. पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे का, एवढं पाहा. तुमचा एजंट सहा हजारांत याहून वेगळं काही करणार नाही.

अर्जात चूक होते ती एका ठिकाणी. व्यवसायाचा प्रकार विचारतात तेव्हा बायका "रिटेलर" निवडतात, कारण त्या विकतात. तुम्ही बनवता, म्हणून उत्पादक निवडा. रिटेलरच्या नोंदणीवर स्वतःचा माल बनवून लेबल लावता येत नाही आणि दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. पदार्थही एकेक करून लिहा: नमकीन, पापड, लोणचं, चटणी, शंकरपाळे. जो पदार्थ यादीत नाही तो त्या नंबरावर विकायचा नाही.

अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची असते. तपासणी निघाली तर तीस दिवसांत निकाल लागायला हवा. तपासणीला येणारा अधिकारी टाइल्स पाहत नाही. तो पाहतो ते हे: पाणी कुठलं, टाकी झाकलेली आहे का, कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का, खिडकीला जाळी आहे का, संडास-बाथरूमचं दार स्वयंपाकघरात उघडतं का, पीठ-डाळी जमिनीवर ठेवल्यात का, फिनाइल आणि झुरळांचं औषध धान्याच्या फळीवर तर नाही. घरात मांजर असेल तर ओट्याजवळ फिरायला नको. मदतीला बाई येत असतील तर त्यांचं आणि तुमचं वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासणीपत्र करून ठेवा, टायफॉइडची लस घ्या. जुलाब लागलेल्या दिवशी किंवा बोटाला पिकलेली जखम असताना माल करायचा नाही, मग ऑर्डर कितीही मोठी असो. मिळालेलं प्रमाणपत्र स्वयंपाकघरातच दिसेल असं लावा. त्यावरचा नंबर चौदा अंकी असतो. नोंदणीचा नंबर २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. तोच नंबर लेबलवर आणि दुकानदाराला देता त्या बिलावर.

लेबलवर लोक फार हलगर्जी करतात. फुलाफुलांचं, नक्षीचं, वर "आईच्या हातची चव" लिहिलेलं लेबल छापून येतं आणि त्यावर कायद्याला हवी असलेली निम्मी माहिती नसते. चुकीच्या लेबलला कलम ५२ खाली तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून अनपेक्षित गोष्ट अशी की नुसतं मराठी लेबल चालत नाही. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी, मराठी तिच्या जोडीला. आम्हालाही हे रुचत नाही, पण नियम तसा आहे. तेव्हा खालचा मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापा.

> पातळ पोह्यांचा चिवडा
> घटक: पातळ पोहे, शेंगदाणा तेल, शेंगदाणे, डाळवं, सुकं खोबरं, हिरवी मिरची, आयोडीनयुक्त मीठ, साखर, कढीपत्ता, हळद, हिंग (गव्हाचं पीठ असलेलं)
> ॲलर्जी सूचना: शेंगदाणे आणि गहू आहेत
> हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका
> पोषणमूल्यं दर १०० ग्रॅमला (तक्ता)
> निव्वळ वजन: २५० ग्रॅम
> कमाल किरकोळ किंमत: ₹ १०० (सर्व करांसह), ₹ ०.४० प्रति ग्रॅम
> बॅच नं., उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख
> उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन व ई-मेल
> एफएसएसएआयचं चिन्ह आणि चौदा अंकी नंबर

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, चवीच्या महत्त्वाने नाही. हिंगाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. बाजारातल्या डबीतल्या बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, तो ॲलर्जीच्या ओळीत जायलाच हवा. डबीमागचं लेबल वाचा. तांदळाच्या पिठाचा हिंग असेल तर गहू काढा. लिंबूसत्त्व टाकत असाल तर "आम्लता नियंत्रक (आयएनएस ३३०)" असं लिहा. तारखेत फक्त "बेस्ट बिफोर" चालत नाही, मुदत संपण्याची तारीख सक्तीची आहे. घरचा पत्ता छापायला संकोच वाटतो हे आम्ही जाणतो, पण तो टाळता येत नाही. फोनसाठी वेगळं सिम घ्या.

पोषणमूल्यांच्या तक्त्यात ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण आणि वरून घातलेली साखर, एकूण, संपृक्त आणि ट्रान्स चरबी, कोलेस्टेरॉल, सोडियम हे सगळं येतं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकदा तपासून घेणं उत्तम. पण आधी स्वतः अंदाज काढा, म्हणजे आलेला आकडा बरोबर आहे की नाही ते कळेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले आहेत. त्यांवरून चरबीचा हिशेब असा लागतो. एक किलो पोहे, २५० ग्रॅम तेल, २०० ग्रॅम शेंगदाणे, १५० ग्रॅम डाळवं, १०० ग्रॅम खोबरं, बाकी मिळून १०० ग्रॅम. भाजून-तळून ओलावा गेला की सुमारे १७५० ग्रॅम चिवडा होतो. तेलातून २५०, शेंगदाण्यांतून ८०, खोबऱ्यातून साठच्या वर, पोहे-डाळव्यांतून वीसच्या आत, अशी एकूण चारशेदहाच्या आसपास चरबी. म्हणजे १०० ग्रॅम चिवड्यात साडेतेवीस ग्रॅम. प्रयोगशाळेने बारा लिहून दिलं तर विचारायला जा. मात्र हा तक्ता तेव्हाच खरा राहतो, जेव्हा प्रत्येक घाण्याला तेल मापून घालता. अंदाजपंचे फोडणी बंद.

"शंभर टक्के शुद्ध", "ऑर्गेनिक", "मधुमेहींसाठी उत्तम" असले शब्द छापू नका. ऑर्गेनिकला प्रमाणपत्र लागतं, आजार बरा करण्याचा दावा करायला परवानगीच नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा दंड दहा लाखांपर्यंत जातो. व्हॉट्सॲपवरची पोस्टही जाहिरातच आहे. लेबल छापण्याबद्दल एक बारीक गोष्ट: बिलाच्या मशीनवर निघतात तशी थर्मल लेबलं नागपूरच्या उन्हात आणि तेलकट हातांनी काळी पडतात किंवा उडतात. रिबनवर छापलेली घ्या. आणि रबरी शिक्क्याची शाई चंदेरी पाऊचवर पुसली जाते, तारीख त्याने मारू नका.

वजनाचं खातं वेगळं, वैधमापनशास्त्र यंत्रणेचं, आणि ते बहुतेकांना माहीतच नसतं. पाकीटबंद माल भरणाऱ्याने भरायला लागल्यापासून ९० दिवसांत पॅकर म्हणून नोंदणी करायची असते, फी ५०० रुपये. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून त्यावर मोहर घ्यायची. ऑनलाइन मागवलेला स्वयंपाकघराचा काटा त्यासाठी चालत नाही, मोहर बसेल असा मंजूर नमुन्याचा घ्यावा लागतो. रिकामं पाऊच आधी काट्यावर ठेवून शून्य करा, मग भरा. २५० च्या पुड्यात दोन-तीन ग्रॅम वर टाका. कुरड्यांना तर हवंच, कारण त्या पुड्यातही थोड्या वाळतात आणि मोजणारा दुकानातला पुडा मोजतो, तुमच्या ओट्यावरचा नाही.

छिंदवाड्याची नणंद. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण ही सूट राज्याच्या आत आहे. करपात्र माल एक किलो जरी दुसऱ्या राज्यात विकला तरी नोंदणी पहिल्याच रुपयापासून लागते. पुणे सातशे किलोमीटरवर आहे, तिथे खुशाल पाठवा. छिंदवाडा सव्वाशेच्या आसपास, पण मध्य प्रदेशात. पापडावर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे तो एकटा गेला तर प्रश्न नाही. चिवडा करपात्र आहे. महिन्याला वीस किलोच्या नफ्यात दर महिन्या-तिमाहीची विवरणपत्रं आणि ती भरणाऱ्याची फी निघते का, याचा हिशेब आधी करा. आमच्या मते यंदा तरी नाही. नणंदबाई नागपूरला येऊन तुमच्या घरून रोखीने माल विकत घेऊन गेल्या तर ती विक्री नागपुरातली.

उरलेली कामं लहान आहेत. विकायच्या मालासाठी घरगुती १४.२ किलोचं लाल सिलिंडर वापरायला मनाई आहे, १९ किलोचं व्यावसायिक घ्या. शॉप ॲक्टखाली तुमच्याएवढ्या छोट्या धंद्याला परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. तिची पावती बँकेत चालू खातं उघडताना उपयोगी पडते. उद्यम नोंदणी आधारवर होते, फुकट असते, तिचेही पैसे मागणारे भेटतील.

एक वही मात्र आजपासूनच घाला. घाण्याची तारीख, बॅच नंबर, तेलाच्या डब्यावरचा बॅच नंबर, किती पुडे झाले, कुणाला किती दिले. प्रत्येक बॅचचा एक पुडा मुदत संपेपर्यंत घरात ठेवा. दुकानदाराकडून चिवडा खवट निघाल्याचा फोन आला तर तो पुडा फोडून बघा. तोही खवट असेल तर चूक तुमची, त्या बॅचचे सगळे पुडे त्याच दिवशी परत आणा. तो चांगला निघाला तर दुकानदाराने पुडे उन्हात मांडले असणार, आणि ते जाऊन पाहता येतं.

परतीच्या मालाचंही दुकानदाराशी आधीच ठरवा. मुदत संपायच्या किती दिवस आधी तो परत देणार, आणि नुकसान कुणाचं. परत आलेला चिवडा पुन्हा परतून नव्या पुड्यात भरायचा नाही, आणि जुन्या तारखेवर नवी पट्टीही चिकटवायची नाही. त्या पुड्यांचे नंबर वहीत लाल शाईने खोडा, आणि चिवडा फेकण्याआधी पाऊच फाडा, म्हणजे तुमच्या लेबलची रिकामी पिशवी दुसऱ्या कुणाच्या मालासाठी वापरली जाणार नाही.